वाघाच्या मावशीची शुश्रूषा

मांजराच्या पिल्लाची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, की घरातली सगळी माणसे हळवी होतात. पिल्लू टोपलीत मलूल पडलेले असते. कोणी त्याच्या अंगावर पांघरूण घालतो, कोणी घटकाघटकेला जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना हे पाहून येतो. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहावे, तर तेच पिल्लू खिडकीच्या पडद्याला लोंबकळत असते! "झाले बाई बरे!" असे म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, खरा धोका सुरू होतो तो इथेच.

पिल्लाच्या अंगात दोन घड्याळे चालू आहेत, अशी कल्पना करा. एक घड्याळ त्याच्या उत्साहाचे आणि दुसरे त्याच्या जखमेचे. उत्साहाचे घड्याळ भरभर चालते. दीड-दोन दिवसांत ते पूर्ववत होते. जखमेचे घड्याळ मात्र आपल्याच सावकाश गतीने चालते, आणि त्याला घाई करता येत नाही. पिल्लाला यांपैकी पहिलेच घड्याळ ऐकू येते. दुसऱ्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आपले. शुश्रूषा म्हणजे मुख्यतः हेच काम होय. ते नीट करायचे, तर शरीरात काय काय घडते हे ठाऊक असले पाहिजे.

शस्त्रक्रियेत काय करतात?

मादी पिल्लाच्या पोटावर मध्यभागी किंवा कुशीवर लहानसा छेद घेऊन पशुवैद्य दोन्ही अंडाशय, आणि बहुधा त्यांच्याबरोबर गर्भाशयही, काढून टाकतात. हा छेद कातडी, तिच्याखालची चरबी आणि त्याखालची पोटाची भिंत अशा थरांतून जातो. म्हणून टाकेही थराथराने घालावे लागतात. आपल्याला दिसतात ते फक्त वरचे टाके. पोटातले अवयव आत सांभाळून धरण्याचे खरे काम आतले, न दिसणारे टाके करीत असतात.

नर पिल्लाच्या बाबतीत काम सोपे असते. वृषणकोशाला एक-दोन लहान छेद देऊन वृषण काढून घेतात. ही जखम इतकी लहान असते, की तिला बहुधा टाकेही लागत नाहीत. म्हणून बोका लवकर बरा होतो. मादीचे मात्र पोट उघडलेले असते, हे विसरू नये.

एवढा खटाटोप करायचा तरी कशाला? हिशेब करून पाहा. मांजरी चार-पाच महिन्यांची होते, तेव्हाच माजावर येऊ शकते. गर्भ तिच्या पोटात सुमारे ९ आठवडे वाढतो. एका वेताला साधारणपणे ३ ते ५ पिल्ले होतात, आणि वर्षातून दोन-तीन वेते होऊ शकतात. वर्षाला दोन वेते, दर वेताला चार पिल्ले, त्यांतल्या निम्म्या माद्या, असे धरून तीन वर्षांचा हिशेब वहीत मांडा. जो आकडा येईल तेवढी मांजरे काही जगत नाहीत. त्यांतली पुष्कळशी उपासमार, रोग आणि रस्त्यावरची वाहने ह्यांना बळी पडतात. ते दुःख टाळण्याचा हा मार्ग आहे. मांजरीला आणखी एक लाभ होतो. अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या वयाआधी शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी असतो, असे त्यात आढळले.

शस्त्रक्रिया कोणत्या वयात करायची हे पिल्लाचे वजन आणि प्रकृती पाहून पशुवैद्य ठरवतात. आपले काम सुरू होते ते पिल्लू घरी आल्यावर.

पहिली रात्र : ऊब

घरी आणलेल्या पिल्लाच्या कानाला आणि पंजांना हात लावून पाहा. बहुधा ते गार लागतील. असे का व्हावे?

मेंदूच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग शरीराचे तापमान सांभाळत असतो. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिक असते. भुलेच्या औषधाने हा भाग सुस्तावतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि आतली उष्णता बाहेर निसटू लागते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्याने स्नायूंत उष्णता निर्माण होते. भुलेत तेही बंद असते. त्यातच पोटावरचे केस काढलेले असतात, आणि कातडी पुसायला वापरलेले स्पिरिट उडून जाताना आणखी उष्णता घेऊन जाते.

हे मोठ्या मांजरालाही सोसावे लागते. मग पिल्लालाच अधिक धोका का? ह्याचे उत्तर भूमितीत आहे. १ सेंमी. कडेचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. आणि घनफळ १ घ. सेंमी. आता २ सेंमी. कडेचा घन घ्या. पृष्ठफळ २४, घनफळ ८. म्हणजे लहान घनाच्या वाट्याला दर घ. सेंमी. मागे ६ चौ. सेंमी. पृष्ठभाग येतो आणि मोठ्याच्या वाट्याला फक्त ३. उष्णता साठते ती घनफळात, आणि जाते ती पृष्ठभागातून. म्हणून लहान जीव लवकर निवतो.

ह्याचा पडताळा घरीच घेता येईल. स्टीलचे एक लहान फुलपात्र आणि एक मोठा तांब्या घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने दोहोंत सारखेच गरम पाणी भरा. दर पाच मिनिटांनी प्रयोगशाळेतल्या तापमापीने तापमान मोजून अर्ध्या तासाचा आलेख काढा. फुलपात्राची रेषा कशी झपझप खाली येते ते पाहा. तुमचे पिल्लू म्हणजे ते फुलपात्र!

म्हणून पहिल्या रात्री पिल्लाला उघड्या फरशीवर किंवा पंख्याखाली ठेवू नये. कडेला बसेल इतक्या उंचीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या सुती साडीची जाड घडी घालावी. बाटलीत कोमट पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळावी आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. एकाच बाजूला का? तर पिल्लाला चटका बसू लागला, तर सरकायला जागा हवी. गुंगीतल्या पिल्लाला चटका चटकन जाणवतही नाही. कढत पाण्याची बाटली उघडी लावणे म्हणजे उपचार नव्हे, भाजणे होय.

खोके जमिनीवरच असू द्यावे. गुंगीत तोल सावरत नाही. पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवलेले पिल्लू धडपडून खाली पडू शकते.

पहिला घास

भुलेत गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. अशा वेळी तोंडात पाणी किंवा दूध घातले, तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. म्हणून पिल्लू मान सावरू लागेपर्यंत आणि फारसे न झोकांडता चार पावले चालेपर्यंत त्याला काहीही भरवू नये.

पण फार वेळ उपाशीही ठेवू नये. आपल्या यकृतात ग्लायकोजेन नावाच्या रूपात साखरेचा साठा असतो, आणि उपासात तो खर्ची पडतो. पिल्लाचे यकृत ते केवढेसे! त्याचा साठा काही तासांतच संपू लागतो. रक्तातली साखर फार उतरली, की पिल्लू लुळे पडते. मोठ्या मांजरापेक्षा पिल्लाला शस्त्रक्रियेआधीही कमी वेळ उपाशी ठेवतात, ते ह्याच कारणाने. तेव्हा पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी, आणि ते टिकले तर नेहमीच्या खाण्यातले दोन-तीन चमचे द्यावे. एकदम वाटीभर खाणे पुढे ठेवले, तर उलटी होण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत पिल्लाने नेहमीसारखे खाऊ लागावे अशी अपेक्षा असते.

खायला काय द्यावे? त्याच्या सवयीचेच. शिजवलेली मासळी किंवा कोंबडी देत असाल, तर मीठमसाला नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको. कांद्यातले काही घटक मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. आणि दूध? मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण आपल्या तोंडी आहे खरी. पण आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यांत दुधातली साखर पचवणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, कमी कमी होत जाते. न पचलेल्या दुधाने जुलाब होतात. शक्तीसाठी म्हणून दिलेले दूध शक्ती काढून घेते ती अशी.

दुःख लपवणारा प्राणी

कुत्र्याला लागले तर ते केकाटते. मांजर बहुधा गप्प बसते. ते स्वतः शिकारी असले, तरी मोठ्या प्राण्यांची शिकारही होत आले आहे. अशा जिवाने आपली दुर्बलता उघड करणे धोक्याचे. म्हणून 'ओरडत नाही, म्हणजे दुखत नाही' हा तर्क मांजराच्या बाबतीत चुकीचा ठरतो.

मग दुखते हे ओळखायचे कसे? कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात : कान ताठ व पुढे वळलेले आहेत की बाजूंना पडलेले, डोळे उघडे आहेत की आवळून घेतलेले, नाकातोंडाचा भाग सैल व गोल आहे की ताणलेला, मिशा सैल व वळणदार आहेत की सरळ ताठ, आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली झुकलेले. प्रत्येक गोष्टीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले, तर वेदनाशामक द्यावे की काय ह्याचा विचार पशुवैद्यांनी करायचा. शाळेत गुण जास्त मिळालेले बरे. इथे मात्र शून्य मिळाले तर आनंद मानायचा!

पिल्लू जागे व शांत असताना सकाळ-संध्याकाळ असे गुण देऊन वहीत लिहा. झोपलेल्या पिल्लाचे डोळे मिटलेलेच असणार, तेव्हा त्याला गुण देऊ नका. त्याऐवजी त्याच्या श्वासांची संख्या मोजा. कुशी एकदा वर जाऊन खाली आली, की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. शांत झोपेत ही संख्या मिनिटाला सुमारे ३० पर्यंत असते.

हिरड्यांचा रंगही पाहावा. ओठ हळूच वर करून निरोगी पिल्लाची हिरडी पाहिली, तर ती गुलाबी दिसते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हाच प्रयोग स्वतःच्या नखावर करून पाहा. रंग परत येतो तो केशवाहिन्यांत रक्त पुन्हा भरल्यामुळे. हिरडी पांढुरकी राहिली, तर आत कुठे रक्तस्राव होत असेल अशी शंका घ्यावी.

आपले औषध, त्याचे विष

पिल्लाला दुखते आहे असे पाहून घरातील औषधाच्या डब्याकडे हात जातो. तो तिथेच थांबवा. माणसाच्या तापावर आणि अंगदुखीवर घेतो ती ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एकच गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते; मग पिल्लाची काय कथा!

ह्यामागची रसायनशास्त्रातली गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर ह्या शल्यवैद्यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्ट्या जखमांवर बांधण्यास आरंभ केला. जखमा कुजून दगावणाऱ्या रोग्यांची संख्या घटली, आणि जंतुरहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. तुमच्या पिल्लाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, तिची मुळे इथवर पोचतात. हे कार्बोलिक आम्ल म्हणजेच फेनॉल. आणि मांजराला नेमके तेच चालत नाही!

फेनॉलसारखे पदार्थ शरीरात गेले, की आपले यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाचा एक रेणू जोडते. जोड मिळालेला पदार्थ पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. ही जोडणी करण्यास एक विकर लागते. मांजरात ते विकर बनवण्याची सूचना देणारे जनुक मोडकळीस आलेले आहे, असे टफ्ट्स विद्यापीठातील मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट ह्यांनी २००० साली दाखवून दिले. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांच्या पोटात असे पदार्थ रोजच जातात. मांजराचे पूर्वज पडले केवळ मांसाहारी. त्यांना ह्या जनुकाची फारशी गरजच उरली नसावी, असे मानले जाते.

परिणाम असा, की पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात साठून राहते व त्यापासून विषारी पदार्थ तयार होतात. हिमोग्लोबिनचे रूपांतर प्राणवायू वाहून न नेणाऱ्या मेटहिमोग्लोबिनमध्ये होते. हिरड्या तपकिरी दिसू लागतात, तोंड व पंजे सुजतात, आणि श्वास घेत असूनही जीव गुदमरतो. ॲस्पिरिनही मांजराच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. तेव्हा औषध द्यायचे ते पशुवैद्यांनी ह्याच पिल्लासाठी, त्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेले, आणि तेही मोठ्या माणसांच्या हातून.

फिनेलने पुसलेल्या फरशीवर पिल्लाला फिरू देऊ नये. पायाला लागलेले फिनेल ते चाटणार. जखमेवर घरगुती जंतुनाशकही ओतू नये, कारण त्यांतली काही फेनॉलच्याच कुळातली असतात. आजीबाईच्या बटव्यातली हळदसुद्धा इथे नको. हळदीने जखमेचा रंग झाकला जातो. मग लाली वाढली की घटली हे कळणार कसे? तेल, पावडर, मलम ह्यांनाही हाच नियम. टाके कोरडे आणि उघडे असावेत.

जखमेचे घड्याळ

आता त्या दुसऱ्या घड्याळाकडे वळू या. छेद दिल्यानंतर काही मिनिटांतच रक्त साकळते. मग पांढऱ्या पेशी येतात. मेलेल्या पेशी आणि जंतू ह्यांची साफसफाई करतात. ह्या काळात जखमेच्या कडा थोड्या लाल आणि सुजलेल्या दिसतात. पहिल्या तीन-चार दिवसांतली अशी थोडी सूज म्हणजे रोग नव्हे. ते कामगार कामावर आल्याचे लक्षण आहे. त्यानंतर दुसऱ्या प्रकारच्या पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागतात. वर कातडीचा नवा पातळ थर धरतो आणि जखम मिटलेली दिसते.

दिसते, पण असते का? पतंग खळीने चिकटवल्यावर तो लगेच चिकटलेला दिसतो; पण खळ वाळण्याआधीच उडवला, तर पहिल्या झटक्याला उकलतो. जखमेचेही तसेच. तीन आठवडे झाले, तरी कातडीच्या जखमेची मजबुती मूळच्या कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच असते. पुढे कित्येक महिने कोलॅजनचे धागे पुन्हा पुन्हा रचले जाऊन मजबुती वाढत राहते, आणि तरीही ती सहसा ८० टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. तिसऱ्या दिवशी पडद्याला लोंबकळणाऱ्या पिल्लाचे पोट ह्या वेळी धरून ठेवलेले असते ते केवळ टाक्यांनी.

टाक्यांच्या दोऱ्याचीही एक गंमत सांगतो. पूर्वी आतल्या टाक्यांना 'कॅटगट' नावाचा दोरा वापरीत. इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ मांजराचे आतडे असा दिसत असला, तरी तो करीत मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यांपासून. मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही! आज बहुधा पॉलिग्लॅक्टिनसारखे कृत्रिम दोरे वापरतात. ते सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ताण सोसतात आणि मग शरीरातल्या पाण्याशी अभिक्रिया होऊन हळूहळू विरून जातात. म्हणजे जखम आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत टाके तिला आधार देतात आणि मग निघून जातात. वरचे टाके न विरघळणारे असतील, तर १० ते १४ दिवसांनी पशुवैद्य ते काढतात.

जीभ नव्हे, कानस

'जनावर जखम चाटून बरी करते' असे पुष्कळांना वाटते. मांजराने तुमचा हात चाटला असेल, तर त्याची जीभ खरखरीत असल्याचे तुम्हांला ठाऊकच आहे. तिच्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे, मागे वळलेले शेकडो काटे असतात. ह्या काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असून त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते, असे अमेरिकेतील जॉर्जिया टेक ह्या संस्थेच्या संशोधकांना २०१८ साली आढळले. केस विंचरण्यासाठी हे उपकरण नामी आहे. पण टाक्यांवर ही कानस फिरली, की दोरा सुटतो, कोवळी कातडी खरवडली जाते आणि तोंडातले जंतू जखमेत पोचतात.

ह्यावर उपाय म्हणजे गळ्याभोवतीचा फनेलसारखा पट्टा. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी हिच्या काळात श्रीमंत मंडळी गळ्याभोवती चुण्यांची मोठी झालर घालीत. त्यावरून ह्या पट्ट्याला 'एलिझाबेथ कॉलर' म्हणतात. तो पशुवैद्यांकडे मिळतो. जुन्या क्ष-किरण फिल्मचा किंवा मऊ पुठ्ठ्याचा घरी केला, तर त्याची बाहेरची कड नाकाच्या थोडी पुढे यावी, आणि गळ्याशी दोन बोटे सहज जावीत. आतल्या कडेला कापडी पट्टी शिवा, म्हणजे गळा काचणार नाही. पहिले काही तास पिल्लू उलटे उलटे चालेल, भिंतींना धडकेल. दया येऊन पट्टा काढू नका. पसरट ताटलीत खाणे द्या. हळूहळू त्याला सवय होते.

चौदा दिवसांची बंदी

पिल्लाला १० ते १४ दिवस एका लहान खोलीत ठेवावे. खोलीतून टेबल, खुर्च्या, उंच फळ्या शक्य तितक्या हलवाव्यात. उडी मारताना पोटाचे स्नायू एकदम ताणले जातात, आणि तो ताण थेट आतल्या टाक्यांवर येतो. पण नुसते कोंडून ठेवले, तर ते कंटाळून दाराशी धिंगाणा घालील. म्हणून जमिनीवरचे खेळ द्यावेत : कागदाच्या बोळ्यात लपवलेला खाऊ, फरशीवरून सावकाश ओढलेली दोरी. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागील पायांखाली घ्यावा. काखेत धरून लोंबकळत उचलू नये.

शी-शूसाठी माती किंवा वाळूऐवजी काही दिवस फाडलेला कोरा कागद ठेवावा. मातीचे कण जखमेला चिकटतात. बोक्याच्या टाके नसलेल्या जखमेला तर विशेषच. टाके निघेपर्यंत आंघोळ नको. घरात दुसरे मांजर असेल, तर ते दवाखान्याच्या वासामुळे ह्या पिल्लावर फिसकारण्याचा संभव आहे. दोघांना एक-दोन दिवस वेगळे ठेवावे.

दिवसातून दोनदा जखम पाहावी. पाहावी म्हणजे डोळ्यांनी, बोटांनी नव्हे. हात साबणाने धुवावेत. पिल्लू चावले किंवा ओरखडले, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन घरच्यांना लगेच सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत 'आपलेच तर पिल्लू आहे' असे म्हणून चालत नाही.

पशुवैद्यांकडे लगेच केव्हा न्यावे?

१. जखमेतून रक्त ठिबकत राहिले, किंवा पू अथवा दुर्गंधी येऊ लागली तर.
२. टाक्यांच्या कडा उघडल्या, अथवा सूज दिवसेंदिवस वाढू लागली तर.
३. हिरड्या पांढुरक्या, निळसर किंवा तपकिरी दिसल्या तर.
४. झोपेतही श्वास सतत मिनिटाला ४० च्या वर राहिला, किंवा पिल्लू तोंड उघडून धापा टाकू लागले तर.
५. शुद्धीवर आलेले पिल्लू पुन्हा लुळे, गार पडले तर.
६. दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही, वारंवार उलट्या झाल्या, किंवा २४ तासांत लघवी झाली नाही तर.

ह्यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहत बसू नये. म्हणूनच दवाखान्याचा आणि रात्री भेटू शकणाऱ्या पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पुढे काय?

टाके निघाले, की बंदी संपली. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली, वाढ झालेल्या बोक्याच्या शुक्रवाहिनीत शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक असू शकतात. त्याला महिना-दीड महिना शस्त्रक्रिया न झालेल्या मांजरींपासून दूर ठेवावे. दुसरी, जननेंद्रियांची संप्रेरके थांबल्यामुळे भूक वाढते आणि शरीराची ऊर्जेची गरज मात्र घटते. खाणे तेवढेच ठेवले, तर मांजर लठ्ठ होते. दर रविवारी पिल्लू खोक्यात घालून तराजूवर ठेवा, खोक्याचे वजन वजा करा आणि आकडा लिहून ठेवा.

आणि हो, रस्त्यात एखादे मांजर दिसले आणि त्याच्या एका कानाचे टोक सरळ कापलेले असले, तर ते भांडणात तुटले असे समजू नका. भटक्या मांजरांची नसबंदी झाली, की भुलेतच अशी खूण करतात, म्हणजे त्यांना पुन्हा पकडण्याची वेळ येत नाही. त्या मांजराला हे चौदा दिवस सांभाळायला घर नसते. त्याला पकडणारे स्वयंसेवक त्याला काही काळ पिंजऱ्यात ठेवून, जखम पाहून मगच सोडतात.

शेवटी एक आलेख काढा. आडव्या अक्षावर १ ते १४ दिवस. त्यावर एका रंगाने रोज पिल्लाच्या खेळकरपणाला दहापैकी गुण देऊन रेषा काढा. दुसऱ्या रंगाने जखमेला, म्हणजे लाली, सूज आणि कोरडेपणा पाहून, गुण द्या. पहिली रेषा दोन-तीन दिवसांतच वर चढून बसेल. दुसरी रेंगाळत रेंगाळत वर येईल. दोन रेषांच्या मधली जी मोकळी जागा दिसेल, ती पिल्लाला स्वतःहून ओलांडता येत नाही. तेवढी जागा तुमच्या जागरूकतेने भरून काढायची आहे. शिक्षकांनी असे दोन-चार आलेख वर्गात शेजारी शेजारी लावून पाहावेत. जखम भरण्याचा धडा शिकवायला त्याहून चांगला तक्ता मिळणार नाही.